दाखल-खारीज उघडा : बुलढाणा जिल्ह्यातल्या माजी विद्यार्थी संघांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी,
बुलढाणा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांचे सर्व माजी विद्यार्थी संघ



दिवाळीच्या सुट्या लागल्या, की आपल्या जिल्ह्यातल्या हायस्कुलांची मैदानं पुन्हा भरू लागतात. पुण्याहून, संभाजीनगरहून, सुरतेहून गाड्या येतात. गेटवर बॅचचं बॅनर लागतं, सगळ्यांना एकाच रंगाचे फेटे बांधले जातात, निवृत्त सरांवर फुलं उधळली जातात. हजेरी होते, प्रार्थना होते, कोणीतरी हौसेने अंगठे धरून उभं राहतं. जेवणं आटोपली की शाळेला एखादा वॉटर फिल्टर, नाहीतर साऊंड सिस्टीम भेट दिली जाते आणि तिच्यावर बॅचचं नाव ठळक अक्षरात रंगवलेलं असतं. संध्याकाळी मैदानावर पत्रावळी आणि फुलांच्या पाकळ्या उरतात. त्या चपराशी झाडतो, म्हणजे ज्या शाळेत अजून चपराशी आहे तिथे.

या मेळाव्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मीही घाटावरच्या एका हायस्कुलाचा माजी विद्यार्थी आहे, मीही फेटा बांधून घेतलेला आहे, आणि ज्या मित्राचं नाव आठवायला दहा मिनिटं लागली त्याच्या गळ्यात पडून रडलोही आहे. माझं भांडण आहे ते मेळाव्याच्या दुसऱ्या दिवसाशी. दुसऱ्या दिवशी संघाला काही कामच उरत नाही. ग्रुपवर आठवडाभर फोटो पडत राहतात, मग सुप्रभात, मग राजकारण, मग दोघं-तिघं ग्रुप सोडून जातात. पुन्हा पुढच्या दिवाळीपर्यंत शांत.

तुम्हाला काम हवं असेल तर ते शाळेच्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडलं आहे. शाळेचा इतिहास सांभाळणं आणि लिहून काढणं हे माजी विद्यार्थी संघाचं पहिलं कर्तव्य आहे, आणि त्या इतिहासाची मूळ वही म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. सरकारी भाषेत जनरल रजिस्टर. ती वही आपल्या डोळ्यांदेखत जाते आहे.

शाळेचा इतिहास म्हणून आज आपल्याकडे काय आहे? स्मरणिका. अमृत महोत्सवाची काढा, शताब्दीची काढा, बहुतेकींचा साचा ठरलेला. सुरुवातीला मंत्र्यांपासून नगराध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे शुभेच्छा संदेश, शेवटी कृषी केंद्रं, सराफ आणि पतसंस्थांच्या जाहिराती, आणि या दोन्हींच्या मधे दीड-दोन पानांत ‘शाळेची वाटचाल’. अमुक साली भाड्याच्या खोलीत शाळा सुरू झाली, तमुक शेठजींनी जागा दिली, लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला. संस्थापक, देणगीदार आणि मुख्याध्यापक यांच्या नावांवर इतिहास आटोपतो. ज्यांच्यासाठी शाळा काढली ती पोरं कुठल्या गावांहून यायची, कोणाची होती, किती टिकली, किती गळाली, याचा एक शब्द नाही. यजमान आणि आचारी यांची नावं छापून जेवलेल्यांना विसरावं, तशातली गत.

आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा इतिहास तर असा दीड पानात मावणारा नाहीच. तेरा तालुक्यांपैकी सहा घाटावर आणि सात घाटाखाली. घाटाखाली पूर्णेचं खोरं, काळी कसदार जमीन, कापूस. मुंबई-नागपूर रेल्वे १८६०च्या दशकात मलकापूर-शेगावच्या अंगाने गेली. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला तो खास कापसासाठी, आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आला होता. जिन आल्या, दलाल आले, पैसा आला. त्या पैशातून पुढे धर्मशाळा झाल्या, तशा शाळाही झाल्या. घाटावर यातलं काहीच नव्हतं. बुलढाण्याला हवा थंड म्हणून इंग्रजांनी जिल्ह्याची कचेरी तिथे नेली, आणि कचेरीमागून कारकून, वकील आणि त्यांच्या मुलांसाठी सरकारी शाळा आली. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या बाजूच्या पोरांना शिकायचं तर कोणाच्या तरी घरी वार लावून राहावं लागे, नाहीतर पायपीट. खामगाव-जालना रेल्वेचा सर्व्हे माझ्या आजोबांच्या तरुणपणी चालू होता. गाडी अजून धावलेली नाही.

आता यात राज्यांची उलथापालथ मिळवा. १८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० ला महाराष्ट्रात. त्या-त्या वेळची मॅट्रिक आधी मुंबई विद्यापीठाची, मग अलाहाबादची, मग नागपूरची. महाराष्ट्राचं राज्य मंडळ आलं १९६६ ला. १९७५ ला अकरावीची मॅट्रिक संपली आणि दहावीची एसएससी सुरू झाली. एकाच बाकावर बसलेल्या आजोबा, बाप आणि नातू या तिघांनी तीन वेगळ्या परीक्षा दिल्या, आणि तिघंही आपापली परीक्षाच सर्वांत कठीण होती असं शपथेवर सांगतात.

पश्चिम महाराष्ट्रातल्या मित्रांना एक गोष्ट नेहमी समजावून सांगावी लागते. त्यांच्याकडे हायस्कूल म्हणजे कुठल्यातरी शिक्षण संस्थेचं, हे गृहीत असतं. आपल्याकडे जिल्हा परिषदेची हायस्कुलं आहेत. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा सरकारच्या आणि जनपद सभांच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्यांच्या जोडीला गावोगावच्या खासगी संस्था : बुलढाण्याचं एडेड आणि भारत विद्यालय, खामगावचं नॅशनल, मलकापूरचं चांडक विद्यालय, जळगाव जामोदचं न्यू इरा. शिवाय पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने अमरावतीहून वऱ्हाडभर जे जाळं विणलं, त्याने कुणब्या-माळ्यांच्या पहिल्या पिढीला हायस्कुलाचा उंबरा ओलांडून दिला. या प्रत्येक शाळेत कोणत्या वर्षी कोणत्या गावची, कोणत्या थरातली मुलं आली, याचा ताळा कोणी मांडला तर वऱ्हाडच्या शेतकरी समाजाचं शंभर वर्षांचं चरित्र तयार होईल. विद्यापीठातले लोक ते करतील म्हणून वाट पाहू नका. त्यांना आपल्या शाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

मागे उन्हाळ्यात एका शाळेत गेलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण जे तिथे पाहिलं ते थोड्याफार फरकाने कुठेही दिसेल. लिपिक भला माणूस. त्याने खालच्या कप्प्यातून एक लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला, टेबलावर ठेवला आणि आधी फुंकर मारली. आत लांबलचक आडवी वही, पुठ्ठा सुटलेला, शिवण उसवलेली. कडेने वाळवीने खाऊन नकाशासारखी किनार केलेली. पण आतली अक्षरं! टाकाने लिहिलेली, वळणदार, निळ्या-काळ्या शाईची, एका ओळीत एक मूल. अनुक्रमांक, पूर्ण नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, कोणत्या इयत्तेत, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. आईच्या नावाला जागाच नाही. तो रकाना फार उशिरा आला. अक्षर बदललं की समजायचं, लिपिक बदलला. शाई जाऊन बॉलपेन आलं की अक्षराचं वळणही गेलं.

जन्मतारखांचा रकाना वरून खाली वाचत गेलो आणि हसू आलं. एक जून, एक जुलै, एक जून, एक जून. गुरुजींनी दाखल करताना लावून दिलेल्या तारखा. आपल्या कित्येकांचे बाप आणि आजे त्या एकाच दिवशी जन्मले आणि त्याच तारखेच्या हिशेबाने नोकरीतून निवृत्त झाले. ‘पोळ्यानंतर झाला’, ‘लाल मिलो खाल्ली त्या साली झाला’ असं घरचे सांगायचे. रजिस्टराला तारीख हवी होती, ती मास्तरांनी दिली.

मग ‘सोडण्याचं कारण’ हा रकाना आला. बापाची बदली. दुसऱ्या शाळेत प्रवेश. नापास. सतत गैरहजर. गरिबी. लग्न. दोन-दोन शब्दांत माणसाचं पुढचं आयुष्य लिहिलेलं. शाळेच्या इतिहासात नापासांचं, गैरहजरांचं आणि लग्न लावून दिलेल्यांचं प्रकरण सगळ्यांत मोठं असायला हवं, आणि ते कुठल्याही स्मरणिकेत नाही.

त्या वहीची काही पानं कोपऱ्याशी काळी पडली होती, बोटं लागून लागून. लिपिकाने सांगितलं, ही जुन्या जातीच्या नोंदींची पानं. जात पडताळणीला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणून लोक त्या तारखांआधीचीच पानं उघडतात, आपल्या आजोबांची ओळ मिळाली की नक्कल घेतात आणि जातात. २०२३ ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला, तेव्हा तर कपाटं रात्री उशिरापर्यंत उघडी होती. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. सरकारने सांगितल्यावर जे रजिस्टर आठवड्यात सापडतं, ते संघाने कधी मागितलंच नव्हतं, एवढाच त्यातून मी काढलेला अर्थ. आणि इतक्या घाईत इतके हात लागल्यावर त्या पानांचं काय झालं असेल, ते मी न सांगता तुमच्या लक्षात यावं.

माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे हे रजिस्टर कायम जपायचं असतं. जपायचं कोणी? डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायांची पदं निवृत्तीबरोबर संपत चालली. त्यांच्या जागी शाळेला शिपाई भत्ता. भत्त्यावर येणारा माणूस घंटा देतो, पाणी भरतो. कुठल्या साली कुठलं कपाट कुठे हलवलं आणि पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते, हे तीस वर्षं त्याच शाळेत काढलेल्या चपराशालाच माहीत असायचं. लिपिकाच्या मागे शालार्थ, यू-डायस, शिष्यवृत्तीचे अर्ज, संचमान्यता. मुख्याध्यापक सभेला बुलढाण्याला. तेव्हा दोष कोणाला देत नाही, पण काम तुमच्यावर येऊन पडलं आहे हे सांगतो.

रजिस्टर हातात आलं तर त्याला काय विचारायचं? माझ्या मनात आलेले काही प्रश्न लिहितो, तुम्ही आपले लिहा.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने असहकाराचा ठराव कायम केला, सरकारी शाळांवर बहिष्कार आला. त्याच वाऱ्यात खामगावचं टिळक राष्ट्रीय विद्यालय उभं राहिलं, आणि कलामहर्षी पंधे गुरुजींच्या हाताखाली चित्रकलेसाठी नावाजलं. देशात त्या दोन-तीन वर्षांत निघालेल्या कितीतरी राष्ट्रीय शाळा जोर ओसरताच बंद पडल्या, खामगावची टिकली. या गोष्टीची ही एक बाजू आपल्याला माहीत आहे. दुसरी बाजू सरकारी आणि अनुदानित शाळांच्या रजिस्टरांत असणार. १९२१ च्या जानेवारी ते जूनमधे त्या शाळांतून किती मुलं खारीज झाली? कारणाच्या रकान्यात मास्तरांनी काय लिहिलं? ‘बहिष्कार’ लिहिण्याची छाती झाली की ‘घरगुती अडचण’ म्हणून वेळ मारून नेली? आणि वर्ष-दोन वर्षांनी किती जण गुपचूप परत आले? त्या परत आलेल्यांना हुतात्म्यांच्या यादीत जागा नाही, पण शाळेच्या इतिहासात आहे.

१९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आपल्या जिल्ह्यातून माणसं रेल्वेने गेली, घाटावरून मिळेल त्या वाहनाने गेली. तुमच्या शाळेच्या जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ हा शब्द पहिल्यांदा कोणत्या तारखेला आला? मास्तरांनी तो सरळ लिहिला की वाद घातला? हे सांगू शकणारी त्या वेळची मुलं आज ऐंशीच्या पुढे आहेत. पुढच्या मेळाव्याची वाट पाहिली तर त्यांच्यापैकी कोणी असेलच, याची खात्री मी देत नाही.

१९७२-७३ च्या दुष्काळात पट किती घसरला? सकाळची शाळा करून दुपारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी मुलं कोण होती? त्यांच्यातली काही आज तुमच्या कार्यकारिणीत असतील आणि त्यांना कोणी कधी विचारलं नसेल.

आणि तुमच्या शाळेची पहिली मुलगी कोण? हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटतो. बुलढाण्यातल्या ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्री पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ ला पुण्यात छापला गेला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून बायकांवर जी चिखलफेक चालली होती, तिच्यावर बाई तुटून पडल्या, आणि अशा भाषेत की आजही वाचताना चटका बसतो. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला. मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. त्याच १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले खालच्या थरातल्या मुलामुलींच्या शिक्षणाचं गाऱ्हाणं मांडत होते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यांत धारदार पुस्तक लिहिणारी बाई घरात शिकली. तिच्यानंतर आपल्या हायस्कुलांत मुलगी दाखल व्हायला किती वर्षं लागली? ती कोणाची होती, डॉक्टरची, मामलेदाराची की शिक्षकाची? कितवीपर्यंत टिकली? नंतरची मुलगी किती वर्षांनी आली? दर वर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मगावी सिंदखेडराजाला लाखोंची गर्दी होते, आणि त्या गर्दीत आपल्या सगळ्यांच्याच शाळांची माणसं असतात. पण शाळेच्या पहिल्या मुलीचं नाव छापलेली स्मरणिका माझ्या पाहण्यात आलेली नाही. आज निळ्या बसमधून गावोगावच्या पोरी पास दाखवून हायस्कुलाला येतात. त्यांच्यापुढे ते नाव वाचून दाखवायला काय हरकत आहे?

आता थोडं तुमच्या सभासदत्वाबद्दल. माजी विद्यार्थी म्हणजे कोण? तुमच्या ग्रुपांची नावं पाहिली की उत्तर कळतं : ‘दहावी अमुक साल’. म्हणजे जो दहावीला बसला तो. आठवीत गळाला तो नाही. बापाने बैल विकले म्हणून नववीत शाळा सोडून सुरतेला गेला तो नाही. परीक्षेआधी लग्न झालं ती नाही. दाखल झालेला प्रत्येक जण शाळेचा आहे. रजिस्टरात त्याची ओळ आहे आणि त्या ओळीतलं नाव कोणाला खोडता येत नाही. ‘आमचे यशस्वी माजी विद्यार्थी’ म्हणून फलक रंगवता तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर, पीएसआय आणि परदेशी गेलेले एवढेच त्यावर चढतात. कवी एखादा चढतो, तोही पुरस्कार मिळाल्यावर. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांना ‘खूणगाठी’साठी १९८६ ला साहित्य अकादमी मिळाली तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते; त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची ‘शीळ’ महाराष्ट्रभर गायली जात होती आणि ते मेहकरात वकिली करत होते. फलकाची अक्कल अशी उशिरा येते. एसटीत पंचवीस वर्षं कंडक्टरकी केलेला, कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसून लाठी खाल्लेला, अंगणवाडी चालवणारी, अशी नावं त्यावर कधी येणार?

तुमच्यातल्या काहींना पुढची गोष्ट झोंबेल. आपण शाळेवर भाषणं करतो आणि आपली मुलं दुसरीकडे घालतो. तालुक्याच्या गावी राहिलेल्यांचीही पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. पालक म्हणून तो ज्याचा-त्याचा निर्णय, मी त्यात पडत नाही. पण पट घसरला की संचमान्यतेत शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की विषय उघडा पडतो, विषय उघडा पडला की आणखी पट घसरतो. मग आपण त्याच शाळेला एक कमान बांधून देतो आणि तिच्यावर देणगीदारांची नावं संगमरवरात कोरतो. त्या कमानीच्या पैशात एका पदवीधर पोराला वर्षभर अर्धा दिवस मानधनावर ठेवता येईल : रजिस्टरं स्कॅन करायला, ग्रंथालयातली पुस्तकं नोंदवायला, निवृत्त सरांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला. गावात असा पोरगा नाही असं कृपा करून म्हणू नका. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी निम्मी आळी रिकाम्या वेळेला काम शोधते आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकतो. संघ नोंदवा. सात जणांच्या सह्या, घटना, ठराव, आणि बुलढाण्याला सहायक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. दर वर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज करावा लागतो. कटकट आहे, मान्य. पण कोणा एकाच्या खासगी फोनपेवर वर्गणी गोळा करायची आणि पुढे मंडपाच्या बिलावरून तीस वर्षांची मैत्री तोडायची, यापेक्षा ती कटकट बरी. एक मात्र पाळा. संघ म्हणजे शाळेच्या संस्थेतला विरोधी गट नव्हे. संचालक मंडळाच्या निवडणुकीत संघ उतरला, की त्या कपाटाची किल्ली तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.

रजिस्टर स्कॅन करायला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, काम शाळेतच करा, वही बाहेर नेऊ नका. झालेल्या प्रती शाळेच्या ताब्यात राहू द्या. त्यात लोकांच्या जाती आहेत, वर्तणुकीचे शेरे आहेत, कोणाच्या नावापुढे ‘वडील मयत’, कोणापुढे आणखी काही. त्यातलं एकही पान ग्रुपवर जाता कामा नये. गेलं तर दुसऱ्या दिवशी गावात दोन तट पडतील आणि तिसऱ्या दिवशी शाळा ते रजिस्टर कुलपात घालेल, तिचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. इतिहास लिहिताना आकडे, गावं, वर्षं, कारणं घ्या. नावं त्या-त्या माणसाने किंवा घरच्यांनी हो म्हटल्यावरच.

बोलणी रेकॉर्ड करताना सरांपासून सुरुवात करू नका. सर भाषण करतील. आधी निवृत्त चपराशाकडे जा, मग ग्रंथपालाकडे, मग शाळेसमोर वीस वर्षं बोरं आणि चिंचा विकणारी म्हातारी अजून असेल तर तिच्याकडे. कोणता मुलगा उधारी बुडवून गेला आणि नंतर साहेब होऊन आला, हे तिच्या ध्यानात असतं. सरांकडे सगळ्यात शेवटी जा, आणि त्यांना भाषणाऐवजी त्यांच्या पहिल्या पगाराबद्दल विचारा. पगार हातात किती यायचा आणि सही कितीवर व्हायची, हा आपल्याकडच्या खासगी शाळांच्या इतिहासातला भाग त्यांच्याशिवाय कोणी सांगणार नाही, आणि निवृत्त झाल्यावरच सांगणार.

एवढं सगळं एका संघाने करावं असं नाही. चिखलीने १९२१ चा माग काढावा, मलकापूरने रेल्वे कॉलनीतल्या मुलांचा, लोणारने बारा-बारा किलोमीटर चालत येणाऱ्यांचा. एका तालुक्याचं काम दुसऱ्याने पाहिलं तर चढाओढ लागेल, आणि आपल्याकडे चढाओढीशिवाय काही होत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. या दिवाळीच्या मेळाव्यात फेटे बांधण्याआधी एक तास काढा, मुख्याध्यापकांना विनंती करून सगळ्यांत जुनं रजिस्टर टेबलावर मागवा आणि पहिली दहा पानं तिथेच बसून वाचा. पुढचं काम कोणी करायचं, ते त्या टेबलाशीच ठरवा. ज्या संघाला रकाने कसे मांडायचे, कोणत्या वर्षांपासून सुरुवात करायची याची अडचण असेल, त्याने बोलावलं तर मी येईन. एसटीचं भाडं माझं मी देईन, जेवण तेवढं तुमच्याकडे.



आपला,
घाटावरचा एक माजी विद्यार्थी

ता. क. : उत्साहाच्या भरात जुन्या पानांना लॅमिनेशन करू नका. ते प्लॅस्टिक नंतर निघत नाही आणि आत कागद शिजल्यासारखा होतो. सेलोटेपही लावू नका. काही वर्षांत पिवळा पडतो आणि शाई घेऊन सुटतो. ओली पानं उन्हात वाळवायची नाहीत, सावलीत पंख्याखाली, मधे कोरा कागद घालून. वाळवी लागलेलं कपाट आधी भिंतीपासून हातभर पुढे ओढा, मग बाकीचं.